थोरल्याला स्की लावा, धाकटीला बर्फ द्या

पत्र

ताई, आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. मुलगी चार पूर्ण, ज्युनिअर केजीत. नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाचे तरी रील्स पाहिले आणि तेव्हापासून नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जायचं, दोन्ही मुलांना स्कीइंग शिकवायचं, हे त्याच्या डोक्यात बसलंय. चार दिवस, रोज सकाळ-दुपार कोर्स, असं त्याने ठरवूनही टाकलं. मला बर्फ बघायला आवडेल. पण आमच्या मुलीला मुंबईच्या डिसेंबरात पंखा एकवर ठेवला तरी शिंका येतात. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरांना थंडीत नेऊन न्यूमोनिया करून आणाल, आणि काश्मीर तर नकोच. त्यांना घरी एकटं ठेवणंही जमणार नाही. खर्च अडीच लाखांच्या पुढे चाललाय. मुलं फारच लहान आहेत का? जायचंच झालं तर कुठे आणि कधी? आणि एक गोष्ट नवऱ्याला अजून सांगितलेली नाही: मला स्वतःला उतारावर नुसतं उभं राहायचीसुद्धा भीती वाटते.
दोन मनांची आई

उत्तर

दोन मनांच्या आई,

जा. पण नाताळात नको, आणि सकाळ-दुपारचा चार दिवसांचा कोर्स दोघांपैकी कुणालाच नको. थोरल्याला स्की लावा, धाकटीला बर्फात मनसोक्त लोळू द्या. पुढचं सगळं नवऱ्याला वाचायला दिलंत तरी चालेल. खरं तर द्याच.

तुमच्या पत्रात थंडीपेक्षा जास्त मला ते ‘ठरवूनही टाकलं’ खटकलं. आपल्याकडे सहल म्हटली की पैसे वसूल झाले पाहिजेत. विमानाने गेलो, अडीच लाख घातले, मग पोरांनी रोज चार तास घसरलंच पाहिजे आणि शेवटच्या दिवशी व्हिडिओ निघालाच पाहिजे. चार वर्षांच्या मुलीला पैसे वसूल हा प्रकार ठाऊक नसतो. तिला बर्फाचा गोळा करून दादाच्या पाठीत घालायचा असतो. मग तो थोडा चाखून बघायचा असतो, आणि वीस मिनिटांनी ‘हात दुखतात’ म्हणून खोलीवर जायचं असतं. एवढ्यात तिची सहल झालेली असते. ती झाली हे आईबापांना मान्य नसतं, आणि रडारड सुरू होते ती तिथून.

गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर मी एक कुटुंब पाहिलंय, बोलण्यावरून ठाण्या-डोंबिवलीकडचं. पाच-सहा वर्षांचा मुलगा बर्फात बसकण मारून भोकाड पसरून रडतोय, एका हाताचा मोजा गायब. बाप चार पावलांवर फोन धरून ‘ऊठ रे, एकदाच, चालू आहे, चालू आहे’ म्हणतोय. इन्स्ट्रक्टर बिचारा त्याला काखेत हात घालून उभं करतो, तो पुन्हा बसतो. पडला असेल, लागलं असेल, घाबरला असेल, सगळ्यांचे सगळे अंदाज करून झाले. शेवटी कडेला खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली आजी उठली आणि म्हणाली, ‘अरे, त्याला शू लागलीय.’ अंगावर चार थर, वर खांद्यांवरून पट्टे येणारी पँट, पायांत ते लोखंडासारखे बूट. मोकळं व्हायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर मुलगा स्कीकडे फिरकला नाही आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा: बूट घालायच्या आधी शू. लागली नसेल तरी.

आता वयाचं. युरोपातल्या स्की शाळा तीन-चार वर्षांची मुलं घेतात, हे खरं आहे आणि तुमच्या नवऱ्याने ते वाचलंही असेल. पण तिथे त्यांच्यासाठी कुंपण घातलेली वेगळी बागच असते. जमिनीलगत सरकणारा पट्टा मुलांना चढावर नेतो, खेळणी असतात, मुलांमागे शिकवणारी बाई असते आणि मधून मधून आत नेऊन गरम काहीतरी पाजतात. थोडक्यात बर्फातली बालवाडी. गुलमर्गला अशी बालवाडी मला दिसलेली नाही. तिथे इन्स्ट्रक्टर असतो, उतार असतो आणि पुष्कळदा चढ स्वतःच्या पायांनीच चढायचा असतो. चार वर्षांच्या मुलीच्या मांड्यांत तेवढा जोर नसतो आणि ‘गुडघे वाक, पुढे बघ, टाचा बाहेर ढकल’ या तीन गोष्टी एका वेळी डोक्यात ठेवण्याचं तिचं वयही नसतं. थोरल्याचं तसं नाही. सातव्या वर्षी मूल सांगितलेलं ऐकतं, आपल्या पाळीसाठी थांबतं, आणि मुख्य म्हणजे थांबायचं कसं हे शिकू शकतं. स्कीइंगमध्ये घसरणं आपोआप होतं. शिकावं लागतं ते थांबणं.

धाकटीला स्लेज द्या. पाटासारखी लाकडी गाडी असते, माणूस दोरीने ओढतो. तिने हट्टच धरला तर एखाद्या दिवशी अर्धा तास सपाटीवर छोट्या स्की लावून चालू दे. त्याला कोर्स म्हणू नका आणि पैसेही कोर्सचे देऊ नका.

कुठे जायचं यावर माझं मत स्पष्ट आहे, पटत नसेल तर सोडून द्या. सोलांगला मनालीहून पाऊण तासात पोचता येतं, पण हंगामात तिथली गर्दी दादर स्टेशनची आठवण करून देणारी असते. भाड्याने स्की घेऊन दहा मिनिटांत फोटो काढून परत, असाच बहुतेकांचा कार्यक्रम असतो. बर्फ बघायला ठीक, शिकायला नाही. उत्तराखंडातलं औली सुंदर आहे आणि उतारही चांगले आहेत. मात्र मुंबईहून डेहराडूनला उतरल्यावर पुढे जोशीमठपर्यंत घाटाघाटाचा अख्खा दिवस आहे, आणि ज्यांची मुलं कसाऱ्याच्या घाटात पिशवी मागतात त्यांनी तो विचार न केलेलाच बरा. त्यात २०२३च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवेही बंद ठेवावा लागला. गुलमर्गचा फायदा असा की मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे, तिथून गुलमर्ग जेमतेम पन्नास किलोमीटर. आणि सरळ, मोकळं, फार उतार नसलेलं बशीसारखं मैदान गावाच्या मधोमध आहे. उन्हाळ्यात तिथेच गोल्फ खेळतात.

आणि कधी? काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतं, म्हणजे थंडीचा सगळ्यात कडक काळ. त्यात नाताळ ते एक जानेवारी खोल्यांचे भाव चढलेले, गोंडोलाला, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारला, रांगा, आणि बर्फ मात्र पुरेसा पडलेला असेलच असं नाही. २०२४च्या जानेवारीत तर महिना सरत आला तरी गुलमर्गची मैदानं तपकिरी होती, लोक घोड्यावर बसून परत गेले. म्हणून मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सांगेन. दिवस थोडे मोठे झालेले असतात, थंडीचा कडाका उतरलेला असतो, आणि हंगाम बरा असेल तर खाली बर्फाचा थर चांगला साठलेला असतो. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी आहेच, तिला लागून शनिवार-रविवार आणि शाळेची दोन-तीन दिवसांची रजा जोडा. दुसरीतल्या मुलाचं तेवढ्याने काही बुडत नाही. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा गुलमर्गला साधारण याच सुमारास भरवतात, तेव्हा खोल्या घेण्याआधी त्यांच्या तारखा बघून घ्या. फेब्रुवारीचीही हमी नाही हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. २०२५मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या या स्पर्धाच बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या होत्या.

पहिली रात्र श्रीनगरला काढा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरच्या आसपास आहे, गुलमर्ग साडेसव्वीसशेच्या. मुंबईचं मूल एका दिवसात समुद्रावरून तिथे नेलं तर कधी डोकं दुखतं, कधी उलटी होते, रात्री झोप लागत नाही. मधे एक रात्र गेली की शरीराला उसंत मिळते. गुलमर्गला पोचल्यावरही पहिला दिवस नुसता भटकण्यात घालवा. गोंडोलाचा पहिला टप्पा तीन हजार मीटरच्या थोडा वर, कोंगडोरीला जातो. दोन-तीन दिवसांनी, मुलं मजेत असतील तर तिथवर जाऊन या, तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढा. दुसरा टप्पा अफरवटला जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. तिथे या मुलांना नेऊ नका, वरून काय दिसतं ते कुणी कितीही रंगवून सांगितलं तरी. तिथल्या मोकळ्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो, आणि ते उतार मुळात कसलेल्या स्कीअरसाठी आहेत. आणि कुठेही असा, मूल मलूल होऊन पडलं, उलट्या थांबेनात किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ऑक्सिजनचा डबा विकत घेत बसू नका. गाडी करा आणि खाली श्रीनगरच्या इस्पितळाकडे निघा. उंचीच्या त्रासावर पहिला इलाज उतरणं हाच.

न्यूमोनियाचं सासूबाईंना असं सांगा: थंडी आजार लावत नाही, जंतू लावतात, आणि ते मुलुंडच्या केजीतही भरपूर आहेत. मात्र कोरड्या गार हवेने दमेकरी मुलांचा श्वास खवळतो हे खरं. पंख्याने शिंका येणाऱ्या मुलीला जाण्याआधी तिच्या डॉक्टरांना दाखवाच. कधी छातीत घरघर झाली असेल, पंप दिला असेल, तर तो विमानातही हातातल्या पिशवीत ठेवा.

थंडीपेक्षा मला जास्त काळजी ओलाव्याची वाटते, आणि खोलीतल्या शेगडीची. ओलावा आधी. मुंबईकर आई मुलाला गार प्रदेशात नेताना पहिली गोष्ट करते ती म्हणजे आत सुती बनियन घालते. मूल बर्फात खेळतं, घामाघूम होतं, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि पाच मिनिटं उभं राहिलं की तेच कापड अंगाला बर्फाच्या पट्टीसारखं लागतं. त्यामुळे अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी आत न येणारं जॅकेट आणि तशीच पँट. दोन जाड स्वेटरांनी हे काम होत नाही. हे सगळं नवं घ्यायची गरज नाही. तुमच्या सोसायटीत मनालीला जाऊन आलेलं एक तरी कुटुंब असेल आणि त्यांच्या मुलाला ते जॅकेट यंदा होत नसेल. उरलेलं डेकॅथलॉनमध्ये मिळतं. हातमोजे मात्र स्वतःचे, दर मुलामागे दोन जोड, आणि बोटं वेगवेगळी नसलेले, पिशवीसारखे. बोटं एकमेकांना ऊब देतात. दोन मोज्यांना नाडी शिवून ती जॅकेटच्या बाह्यांतून ओवून टाका, म्हणजे वरच्या त्या मुलासारखा एक मोजा गायब होणार नाही. मफलर नको. घसरताना कुठेतरी अडकतो. गळ्यात घालायची नळीसारखी पट्टी घ्या.

तंगमर्गला, म्हणजे गुलमर्गच्या पायथ्याशी, तुमची गाडी थांबेल. पुढे बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. थांबल्या थांबल्या काचेभोवती दहा जण जमतील: गमबूट घ्या, कोट घ्या, गाइड घ्या, स्लेज घ्या. कपडे आपले असतील तर नम्रपणे ‘नको’ म्हणून पुढे जाता येतं. ती माणसं त्या चार महिन्यांवर वर्ष काढतात, तेव्हा हिडीसफिडीस करू नका. भाव मात्र आधी ठरवा, तासाचा की दिवसाचा, माणशी की मिळून, सगळं बोलून.

ऊन हा आणखी एक विषय. आपल्याला ऊन म्हणजे उकाडा असं वाटतं, त्यामुळे थंडीत कुणी सनस्क्रीन लावत नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. हनुवटीच्या खाली, नाकाच्या आतल्या कडेला, कानांच्या पाळ्यांना सनस्क्रीन लावा आणि दोन तासांनी पुन्हा लावा. डोळ्यांवर गॉगल हवाच, मुलांनाही. तो नसेल तर संध्याकाळी डोळे लाल होऊन चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे. खोबरेल तेल न्याल तर ते बाटलीत दगड होऊन बसेल आणि उन्हाला काही अडवणारही नाही.

खोलीचं आता, आणि हे नीट वाचा. गुलमर्गच्या हॉटेलांत कुठे बुखारी, म्हणजे लाकडावर-कोळशावर चालणारी शेगडी, असते, कुठे गॅसचा हीटर, कुठे नुसतं इलेक्ट्रिक ब्लँकेट. सगळं बंद करून गॅसचा हीटर किंवा कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, पेटती ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात काश्मिरातून गुदमरून गेलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. खोली घेताना विचारा, ऊब कशाने देता आणि रात्री वीज गेली तर काय. मध्यवर्ती हीटिंग असलेली खोली महाग पडते. अडीच लाखांत कुठे पैसे घालायचेच असतील तर कोर्सचे कमी करून इथे घाला. इलेक्ट्रिक ब्लँकेटने गादी आधी गरम करून घ्या, मुलं झोपली की बंद करा. चार वर्षांची मुलगी नव्या जागी रात्री गादी ओली करू शकते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता स्कीचे बूट. भाड्याच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, मागे रांग खोळंबली तरी. पायात एकच मोजा, उंच, पातळसर, सुरकुती नसलेला. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की पाय आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. थर्मलची कड बुटाच्या आत जाता कामा नये. ती नडगीवर दाबली जाते आणि मूल ‘चावतंय’ म्हणून रडतं. पाय आत घातल्यावर टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटायला सांगा, म्हणजे ती मागे नीट बसते, मग बकल लावा. आता मुलाला गुडघे पुढे वाकवायला सांगा. टाच वर उचलली गेली तर बूट मोठा. उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम लागावीत, वाकल्यावर सुटावीत आणि हलवता यावीत. दुकानदार ‘थोडा मोठा चालतो, मोजे घाला’ म्हणेल. शाळेच्या बुटांना आपण तेच करतो. इथे चालत नाही, सैल बुटात मुलाला स्की वळवताच येत नाही. स्की उभी धरली तर मुलाच्या छाती-हनुवटीच्या मधे यावी, त्याहून लांब नको. आणि बूट ज्या पकडीत बसतो ती मुलाच्या वजनानुसार लावून घ्या, म्हणजे पाय मुरगळायच्या आत ती सुटते. ‘इसका वजन बाईस किलो है’ असं स्वतःहून सांगा, कारण न विचारता मोठ्या माणसाला लावलेलीच तशी ठेवलेली असू शकते. लहान मापाचं हेल्मेट तिथे मिळेलच असं धरून चालू नका, आधी फोन करून विचारा. सायकलचं हेल्मेट त्या जागी चालवू नका.

मूल किती वेळ शिकेल? थोरल्याला सकाळी दीड तास, बस. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, खासगी इन्स्ट्रक्टरही भरपूर आहेत. परवाना बघून, तुमच्या एकट्या मुलासाठी एक, असा माणूस ठरवा. पहिल्या दिवशी तो मुलाला काठ्या देणार नाही, ते बरोबर आहे. मूल काठ्यांवर भार टाकत बसतं आणि पाय शिकत नाहीत. नुसते बूट घालून चालणं, मग एका पायात स्की, मग दोन्ही, मग कुशीवर पडून उठणं, आणि मग ‘पिझ्झा’: स्कीची टोकं पुढे जवळ, मागे फाकलेली, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. तेवढ्याने वेग कमी होतो. मुलाला हे लगेच कळतं. मुलं पडायला मोठ्यांइतकी घाबरत नाहीत, कारण ती आधीच जमिनीजवळ असतात. तुमचा मुलगा सोसायटीत स्केटिंग करत असेल तर त्याला तोल लवकर सापडेल. करत नसेल तर महिनाभर आधी रोज दात घासताना खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायला लावा. मांड्या तयार होतील आणि घरात करमणूकही.

दीड तासानंतर तो ‘अजून एकदा’ म्हणाला तर एकदा द्या, आणि मग आत. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढुरका, मेणासारखा डाग दिसला, किंवा बोटं बधिर झाली, तर लगेच आत नेऊन आपल्या काखेत, पोटाशी धरून ऊब द्या. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नको. दर तासाला कोमट पाणी पाजा. गारव्यात मुलं पाणी मागत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. खिशात सुक्या मेव्याचा लाडू, चिक्की. संध्याकाळी हॉटेलच्या जेवणाला नाक मुरडलं तर मेतकूट-भाताला तोड नाही, मेतकुटाची पुडी सामानात टाकाच.

सासूबाईंच्या ‘काश्मीर नकोच’ला हसू नका, नवऱ्यालाही हसू देऊ नका. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळ जे झालं त्यात आपल्या डोंबिवलीची, पनवेलची, पुण्याची माणसं गेली. मुलुंडच्या आजीला ती भीती वाटणारच. ती भीती समजावून घालवता येत नाही. तिकिटं आणि खोली रद्द करता येतील अशी घ्या, जायच्या आधी सरकारी सूचना बघा आणि शेवटचा निर्णय आदल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून घ्या. तरी घरात कुणाचं मन घेत नसेल तर यंदा दुबईला जा. तिथे मॉलमध्ये २००५पासून बर्फाचा बंदिस्त डोंगर आहे, तापमान शून्याच्या जरासंच खाली, विमानाने तीन तास. डोंगराची मजा तिथे नाही, पण बूट कसे चावतात आणि मुलांना हे आवडतं का, ते तिथेही कळतं.

काश्मीर ठरलं तर सासूबाईंना बरोबर न्या. गुडघे आणि रक्तदाब डॉक्टरांना दाखवून, खाली खाचा असलेले बूट घेऊन. थोरला उतारावर असताना धाकटीला कंटाळा येणार, आणि तिच्याबरोबर खिडकीशी बसून बर्फ पडताना बघणारं माणूस लागतं. तुम्ही दोघांनी त्यावरून रोज भांडण्यापेक्षा आजी असलेली बरी. शू लागलेलीही त्यांनाच आधी कळेल.

राहिली तुमची भीती. नवऱ्याला आजच सांगा, विमानात नको. आणि त्याला तुमचा शिक्षक होऊ देऊ नका, त्याने आयुष्यात स्की पाहिलेली नाही हे विसरायला त्याला अर्धा तास पुरेल. दुसऱ्या दिवशी मुलगा शिकत असेल त्याच सपाट जागी, वेगळा इन्स्ट्रक्टर घेऊन एक तास उभ्या राहून बघा. तुम्ही धपकन पडलात की मुलाला इतका आनंद होईल की तो स्वतःचं पडणं विसरेल. एका तासानंतरही नकोसं वाटलं तर बूट परत करून कहवा प्यायला बसा, त्यासाठी कुणाला कारण देत बसू नका.

परतताना गुलमर्गहून थेट विमान गाठू नका, आदली रात्र श्रीनगरला. बर्फ आणि धुक्याने विमानं रद्द होतात, तेव्हा परतीनंतरचा एक दिवस दोघांच्याही ऑफिसच्या रजेत धरून ठेवा. प्रवासाचा विमा घेणार असाल तर त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा, पुष्कळदा साहसी खेळ वगळलेले असतात. आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन आठवडे आधी.